विलिस, अँग्लिया की हेन्री जे? फलटणकराच्या पत्राला उत्तर

प्रश्न आहे गॅसर, म्हणजे जुन्या धर्तीची ड्रॅग रेसची गाडी, कोणती घ्यावी याचा; ड्रॅग रेस म्हणजे सरळ पाव मैल पळायची शर्यत. पत्र बरंच मोठं होतं, बाकीच्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो.

"दादा, मी मूळ फलटणचा, गेली १६ वर्षं मिशिगनला कँटनमध्ये आहे, गिअरबॉक्स टेस्टिंगचं काम करतो. तीन वर्षं झाली नॉस्टॅल्जिया ड्रॅग रेसला प्रेक्षक म्हणून जातोय, आता स्वतःची गॅसर बनवायची आहे. बजेट सगळं मिळून ४० हजार डॉलर, वेळ दोन वर्षं, गॅरेज दोन गाड्यांचं पण त्यातली एक जागा बायकोची. तीन गाड्या बघून ठेवल्यात. एक, १९४१ च्या विलिस कूपची फायबरग्लास बॉडी आणि नवीन चासी, २८ हजार. दोन, १९४८ ची अँग्लिया, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा पिंजरा) घातलेली, इंजिन नाही, १९ हजार. तीन, इंडियानात एका शेतकऱ्याच्या बार्नमध्ये पडलेली १९५१ ची हेन्री जे, सगळा पत्रा ओरिजिनल, आतलं चार सिलिंडर इंजिनही तेच, साडेसात हजार. मन विलिसवर आहे कारण आजोबांकडे डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने विकलेली, विलिस जीप होती, अप्पा तीच चालवायला शिकले. इथले मित्र म्हणतात हेन्री जे बेढब दिसते, ती तर कूपसुद्धा नाही. माझी उंची सहा फूट एक. बायको म्हणते हे पैसे मुलीच्या कॉलेजचे आहेत. बायकोला कसं पटवू? काय करू? आणि अप्पा जूनमध्ये येतायत."

अरे फलटणकर, तुझं पत्र मी रविवारी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवलं. उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं, कारण तू इंजिनिअर आहेस, तुला नुसतं उत्तर दिलं तर पटणार नाही. हेन्री जे घे. पत्रा आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नीट असेल तर डोळे झाकून घे, नसेल तर दुसरी हेन्री जे शोध, पण गाडी तीच.

आता कारणं. पहिली गोष्ट म्हणजे तू गाडी निवडायला बसलास पण ती कुठे पळवणार ते पत्रात कुठेच लिहिलं नाहीस, आणि सगळं तिथूनच सुरू होतं रे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. इलिनॉयला बायरनच्या स्ट्रिपवर मेल्टडाउन ड्रॅग्स होतात, तिथे साधारण १९६६ पर्यंतच्या घाटणीच्या गाड्या येतात आणि वातावरण बरंच मोकळं असतं. केंटकीत बोलिंग ग्रीनला बीच बेंडची स्ट्रिप आहे, रीयुनियन म्हणून जुन्या गाड्यांचा मेळावा असतो, त्याला तिथे सगळ्या प्रकारची माणसं आणि गाड्या दिसतात. दक्षिणेत साउथईस्ट गॅसर्स असोसिएशनवाले आहेत, ते मात्र फार कडक, १९६७ पर्यंत जे तंत्र होतं तेवढंच, त्यांच्याकडे जायचं असेल तर नियमांचं पुस्तक हातात घेऊन एकेक बोल्ट घ्यायचा. आणि कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळची फमोसो, मार्च मीट १९५९ पासून तिथेच, पण मिशिगनहून ट्रेलर ओढत तिकडे जाणं हे आयुष्यात एकदा करायचं काम आहे, दरवर्षीचं नाही. तुझ्यासाठी बायरन आणि बोलिंग ग्रीन. म्हणजे तुला रेकॉर्ड तोडणारी गाडी नको आहे, शुक्रवारी ट्रेलरवर चढेल, शनिवारी चार-पाच रन देईल आणि रविवारी रात्री धडधाकट घरी येईल अशी गाडी हवी आहे. हे एकदा मनाशी ठरलं की अर्ध्याहून जास्त गोंधळ आपोआप मिटतो.

आता गॅसर म्हणजे नेमकं काय हे तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. १९५१ मध्ये वॉली पार्क्सनी एनएचआरए, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही ड्रॅग रेसची संघटना, काढली आणि रस्त्यावरच्या गाड्या शर्यतीत आणायला जे क्लास बनवले त्यातला एक हा, पंपावरच्या पेट्रोलवर पळणारा म्हणून गॅस. गाडीचं वजन पौंडात घ्यायचं, त्याला इंजिनच्या क्युबिक इंचांनी भागायचं, जो आकडा येईल त्यावरून ए, बी, सी अशी अक्षरं ठरायची. म्हणजे गाडी जेवढी हलकी तेवढं त्या वजनात काय काय बसवायचं याचं स्वातंत्र्य जास्त. म्हणून ती पोरं भंगारातून छोट्या, हलक्या, कुणालाच नको असलेल्या गाड्या उचलायची. विलिस, अँग्लिया, हेन्री जे, तुझ्या यादीतल्या तिन्ही गाड्या त्या काळात याच कारणासाठी उचलल्या गेल्या, दिसायला छान म्हणून कुणीही घेतल्या नव्हत्या. तुझ्या मित्रांना हे जरूर सांग.

आणि ते "कूपच नाही" म्हणणं. बरोबर आहे, कागदावर हेन्री जे टू डोअर सेडान आहे. पण तसं बघितलं तर अँग्लियाही सलूनच आहे, आणि गॅसरच्या जगात ५५ ची शेवी (शेव्हरले) टू-टेन म्हणजे देवघरातली गाडी, तीही सेडानच. दोन दारं, मागे उतरतं छप्पर, लहान अंग, एवढं पुरे आहे. स्टार्टिंग लाइनवर कुणी तुला कूपचा दाखला मागणार नाही.

आता विलिसबद्दल बोलतो आणि हे जरा जपून बोलतो, कारण आजोबांचा विषय आहे. विलिस कूपचं वेड मला समजतं. त्या काळचे रेसर स्टोन, वुड्स आणि कुक यांची निळी विलिस, बिग जॉन मझमानियनची लाल विलिस, आपल्या शेजारच्या डेटनच्या ओहायो जॉर्ज माँटगोमेरीची ३३ ची विलिस, या गाड्यांचे फोटो बघून कुणाचंही मन तिथेच अडकेल. पण ओरिजिनल स्टीलची ४१ कूप आधीच कमी बनली होती, त्यातल्या कितीतरी रेसमध्ये कापल्या गेल्या, उरल्यात त्यांचा भाव आपल्यासारख्यांनी विचारायचासुद्धा नाही. म्हणून फायबरग्लास. आणि फायबरग्लास वाईट असं मी म्हणत नाही, चांगल्या साच्यातली बॉडी उत्तम असते. पण मी स्वतः एकदा अशीच एक बॉडी घेतली होती, एका दुकानातून, फोटो सुंदर, पैसे आधी भरले. ट्रकवरून उतरवली आणि दार लावून बघितलं तर वरच्या बाजूला गॅप दोन मिलिमीटर आणि खाली माझं अख्खं बोट जात होतं. बिजागर सरकव, शिम घाल, परत काढ, घास, भर, परत घास. १४ महिने मी फक्त दारं आणि डिकीचं झाकण बसवत होतो, इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून. १४ महिन्यांनी दारं बसली आणि माझा रस संपला, गाडी अर्धी असतानाच विकून टाकली. तुझ्याकडे दोन वर्षं आहेत आणि ४० पैकी २८ हजार पहिल्याच दिवशी जाणार. उरलेल्या १२ हजारात इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, चाकं, बेल्ट, सीट, रंग, काच, वायरिंग. नाही होत रे. मग काय होतं, माणूस सेफ्टीच्या सामानात काटकसर करायला लागतो, आणि ते मला बघवत नाही.

अँग्लिया. ही गाडी मला मनापासून आवडते, मांजरीच्या पिल्लासारखी दिसते, आणि केज झालेली आहे म्हणजे मोठं काम वाचलं. पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ९० इंच. आणि तू सहा फूट एक. तिथे गेलास की पैशाचं बोलायच्या आधी हेल्मेट घाल, आत बस, बेल्ट आवळ आणि मग मान डावी-उजवी फिरवून बघ. माझ्या एका मित्राची अँग्लिया होती, तो पाच फूट सहा, त्याचंसुद्धा हेल्मेट केजच्या पाइपला लागायचं. बोलिंग ग्रीनला मी त्याच्या मागे गवताच्या कडेला उभा राहून बघितलंय, दुसरा गिअर पडला की गाडीचं नाक डावीकडे, मग त्याचे हात उजवीकडे, मग नाक उजवीकडे, आणि हे सगळं त्या पाव मैलाच्या पहिल्या एक तृतीयांशातच. व्हीलबेस जेवढा छोटा तेवढी गाडी पटकन वळते आणि सरळ पळवायच्या गाडीला तेच नको असतं. त्याला वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव होता, तो ती सांभाळायचा. तुझी ही पहिली गाडी आहे. अँग्लिया दुसरी म्हणून घे हवं तर, तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर बघायला येईन.

आता माझी आवडती. फलटणकर, तू कँटनला राहतोस ना, तर घरातून गाडी काढ आणि विलो रनला जा, वीसेक मिनिटं लागतील. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बाँबर बनवले, साडेआठ हजारांच्या वर. युद्ध संपलं, तो अवाढव्य कारखाना कैझर-फ्रेझर या मोटार कंपनीने घेतला, आणि हेन्री जे तिथेच बनली, १९५१ च्या मॉडेलपासून. हेन्री कैझरला सर्वसामान्य माणसाला परवडेल अशी गाडी काढायची होती, सरकारी कर्जाची अटच तशी होती, म्हणून सगळं काटकसरीने केलेलं. सुरुवातीच्या साध्या मॉडेलला तर डिकीला बाहेरून झाकणच नव्हतं, मागचं सीट पाडून आतून सामान टाकायचं. तू जी बघितलीस तिला झाकण आहे का ते कळव मला, नसेल तर मागचा पत्रा एकसंध असतो. कारखान्याचा बहुतेक भाग आता पाडलाय, थोडा उरलाय, पण तिथे जाऊन पाच मिनिटं उभा राहा. तू जी गाडी बनवणार ती तुझ्या घराजवळ जन्मलेली आहे. आणि तुझ्या धंद्यातली गंमत म्हणजे कैझर निघून गेल्यावर १९५३ पासून त्याच विलो रनमध्ये जीएमने हायड्रामॅटिक हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायला घेतले, आणि साठच्या दशकात मोठमोठ्या गॅसरवाल्यांनी तेच हायड्रो सुधारून आपल्या गाड्यांत घातले.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. हेन्री जे मध्ये इंजिन कुणाचं होतं? विलिसचं. चार सिलिंडर, १३४ क्युबिक इंच, व्हॉल्व्ह बाजूला, बोअर सव्वातीन इंचाला थोडा कमी म्हणजे ३ आणि एक अष्टमांश, स्ट्रोक ४ आणि तीन अष्टमांश. टोलेडोला बनलेलं. आणि तुझ्या आजोबांच्या डिस्पोजलच्या जीपमध्ये काय होतं? हेच. लष्कराच्या जीपमध्ये जे बसलं तेच घराणं, ४१ च्या विलिस कारमध्येही तेच, आणि ५१ च्या हेन्री जे मध्येही तेच, थोडेफार फरक सोडले तर सख्खी भावंडं. म्हणजे बघ, तुला आजोबांसाठी विलिस हवी, आणि ती फायबरग्लासची बॉडी घेतलीस तर त्यात विलिसचा एक नट नसेल. या बेढब गाडीत मात्र आजोबांचं इंजिन आत्ता, या क्षणी, इंडियानाच्या त्या बार्नमध्ये बसलेलं आहे. हे मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं आणि म्हणूनच बायकोला वाचून दाखवलं.

आता आकड्यांचं. व्हीलबेस १०० इंच, अँग्लियापेक्षा १० इंच जास्त, ३३ च्या विलिसएवढा. मूळ वजन २३०० पौंडांच्या आसपास. व्ही-एट, केज आणि तू, सगळं धरून २७०० धर. तुला गणित आवडतं म्हणून सांगतो, वजन भागिले हॉर्सपावर, त्याचं घनमूळ काढ आणि ५.८२५ ने गुण, पाव मैलाला किती सेकंद लागतील त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. २७०० पौंड आणि ३५० हॉर्सपावर, ११.५ सेकंद. तेच इंजिन ३४०० पौंडाच्या ५५ शेवीत घातलं तर १२.४. म्हणजे त्याच पैशात जवळजवळ एक सेकंद नुसत्या हलक्या अंगाचा. हे आदर्श आकडे आहेत, जुन्या घाटणीचे अरुंद स्लिक (रेसचे गुळगुळीत टायर) आणि हाताने बदलायचे गिअर, तू बाराच्या घरात सुरुवात करशील, आणि पहिल्या वर्षी बारा सेकंद म्हणजे पोटात गोळा यायला भरपूर आहे.

बार्नमध्ये गेलास की काय करायचं ते नीट ऐक. दिवसा जा, संध्याकाळी नाही. टॉर्च, छोटं चुंबक कापडात गुंडाळून, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि आडवं पडायला पुठ्ठा. गाडीकडे समोरून बघत बसू नकोस, सरळ खाली झोप. दाराखालचा पट्टा, म्हणजे रॉकर, आतल्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरने टोच, नुसता खरखर आवाज आला तर ठीक, टोक आत गेलं तर तिथे पत्रा नाही, नुसता रंग आणि गंज. मग फ्लोअर, ड्रायव्हरच्या टाचेखाली, मग डिकीचा तळ, मग बॉडी जिथे चासीला बोल्टने बसते त्या सगळ्या जागा. चुंबक मागच्या मडगार्डच्या कडेने फिरव, जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे, आणि किती भरलीय ते कुणालाच माहीत नसतं, ज्याने भरली त्याला सोडून. इंडियाना, मिशिगन, ओहायो, आपल्याकडे रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात, या भागातल्या गाडीचं हे दुखणं ठरलेलंच. फ्लोअर सडलेला असेल तर घाबरू नकोस, गॅसरमध्ये तो तसाही बराच कापायचा आहे. रॉकर आणि बॉडी माउंट दोन्ही गेलेले असतील तर मात्र शेतकऱ्याला नमस्कार करून परत ये. ट्रिम, काचा, दाराचे हँडल, दिव्यांच्या रिंगा, हे सगळं गाडीत आहे ना ते मोजून घे, शेवीचं मिळतं तसं हेन्री जे चं सामान दर कोपऱ्यावर मिळत नाही, गेलेली एक रिंग शोधायला वर्ष जाऊ शकतं.

आणि टायटल. हे आपल्या आरसी बुकासारखंच, गाडी कितीही गोड असली तरी कागद नसेल तर पुढे डोकेदुखी. गाडीच्या अंगावरच्या सीरियल नंबरच्या पट्टीवरचा क्रमांक कागदाशी जुळव, फोटो काढ, शेतकऱ्याचं नाव टायटलवर आहे की त्याच्या वडिलांचं ते विचार. वडील वारले असतील आणि नावावर करायचं राहिलं असेल तर आधी त्याला ते करू दे, मग पैसे. भिडेपोटी "होईल नंतर" म्हणू नकोस.

इंजिनसाठी फार डोकं चालवू नकोस. साधं शेवीचं स्मॉल ब्लॉक, ३२७ किंवा ३५० क्युबिक इंचांचं. ३२७ आलं १९६२ ला, ३५० आलं १९६७ ला, कडक नियमांकडे जायचा विचार कधीतरी असेल तर ३२७ बरं. चांगला कॅम, लोखंडी हेड, एकच मोठा फोर बॅरल कार्बोरेटर. ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, नको, नाकावर उंच इंजेक्शनचे पाइप नकोत, निदान पहिली दोन वर्षं. जुन्या गॅस क्लासच्या नियमात इंजिन व्हीलबेसच्या १० टक्के मागे सरकवता यायचं, म्हणजे तुला १०० इंचात १० इंच मिळतात, पुढच्या अॅक्सलच्या मध्यापासून पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत मोजायचं. फायरवॉल कापायला लागेल, कापच, कारण ते वजन मागे गेल्याने मागच्या टायरला जी पकड मिळते ती दुसऱ्या कशाने इतक्या स्वस्तात मिळत नाही. मागे फोर्डचा नाइन इंच अॅक्सल. गिअरबॉक्स तुझा विषय, मी तुला काय सांगणार, पण चार स्पीड मॅन्युअल घे, मन्सी किंवा टी-टेन. रोज दुसऱ्यांचे गिअरबॉक्स टेस्ट करतोस, एक स्वतःच्या उजव्या हाताने टाक.

पण मॅन्युअल घेतलास तर क्लचच्या भोवती स्कॅटरशील्ड, म्हणजे फुटलेले तुकडे अडवणारं मजबूत कवच, पाहिजे म्हणजे पाहिजेच. साध्या बेलहाउसिंगवर, म्हणजे क्लचच्या नेहमीच्या झाकणावर, जाऊ नकोस. सहा-सात हजार आरपीएमला फ्लायव्हील किंवा क्लच फुटला तर तुकडे जातात कुठे, तुझ्या पायांतून आणि डॅशबोर्डमधून. एनएचआरए पाव मैलाला ११.४९ सेकंदांपासून पुढे वेगवान गाडीला ते सक्तीचं करते, रोल बारही तिथूनच, पण तू बाराची गाडी असली तरी आधीच घाल, कारण दुसऱ्या वर्षी तू ११.४९ च्या खाली जाणारच आहेस, मी ओळखतो या आजाराला. स्लिकवर १३.९९ च्या खाली ड्राइव्हशाफ्ट लूप (ड्राइव्हशाफ्ट तुटला तर तो खाली पडू न देणारं कडं) लागतो, तो तर पहिल्या दिवशीच. बेल्टवर तारीख असते, दोन वर्षांनी बदलायचे, ई-बे वरून कुणाचे वापरलेले घ्यायचे नाहीत. केज वेल्डिंग स्वतः शिकून करायचा मोह होईल, करू नकोस, ज्याने आधी पन्नास केज केल्यात आणि ज्याच्या गाड्या पास झाल्यात त्याच्याकडे दे. ९.९९ किंवा ताशी १३५ मैलांच्या पुढे चासीचं सर्टिफिकेट आणि लायसन्स लागतं, तो प्रश्न तुला इतक्यात नाही, पण करणारा माणूस त्या तोलाचा असू दे.

पुढच्या अॅक्सलचं थोडं. तुला नाक वर केलेली गाडी हवी असणार, सगळ्यांनाच हवी असते. स्ट्रेट अॅक्सल, दोन्हीकडे स्प्रिंगचे पाटे, खाली मोकळी जागा. पण हल्ली लोक दाखवायला म्हणून नाक आभाळात नेऊन ठेवतात. त्या काळात क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर न्यायचा नाही असा नियम होता, तोच तू पाळ. उंची वजन मागे ढकलायला होती, तेव्हाच्या टायरना पकड नव्हती म्हणून, आज टायर बरे आहेत, तेवढ्या उंचीची गरजच नाही. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, सात अंशांच्या आसपास ठेव, आणि पाटे वरखाली होताना स्टिअरिंगचा रॉड चाकाला ओढत नाही ना ते जॅकवर गाडी घेऊन हाताने बघ. हे चुकलं की पहिल्याच खड्ड्याला पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

आता वहिनींचं. तू लिहिलंस "बायकोला कसं पटवू". पटवू नकोस रे. ती मुलीच्या कॉलेजचं बोलतेय, ते बरोबरच बोलतेय. तिच्याबरोबर बसून कॉलेजचा आकडा आधी बाजूला काढा, दोघांनी मिळून, आणि मग जे उरेल ते गाडीचं. ते ४० नसून २५ असेल तर गाडी २५ मध्ये होईल, साडेसात हजारांच्या हेन्री जे मुळेच ते शक्य आहे, २८ हजारांच्या विलिसमध्ये नाही. दोनाची तीन वर्षं लागतील, लागू देत. गॅरेजमधली तिची जागा तिचीच राहू दे, जानेवारीत तिला बर्फ खरवडायला लावून तू आत वेल्डिंग करत बसलास तर ते फार चुकीचं होईल. आणि मुलगी किती वर्षांची आहे ते लिहिलं नाहीस पण कॉलेजचं बोलणं आहे म्हणजे पंधरा-सोळाची असेल, तिला विचार, बळजबरी नको, नुसतं विचार. माझी मुलगी त्या वयात कार्बोरेटर उघडायला शिकली ती एका पावसाळी शनिवारी कंटाळा आला म्हणून, आता बोलिंग ग्रीनला टायरमधली हवा तीच मोजते.

आणि अप्पा. जून यायला वेळ आहे. त्याच्या आधी हेन्री जे घरी आण, आणि पहिलं काम म्हणजे ते जुनं इंजिन बाहेर काढ, माउंटसकट, रेडिएटरसकट, काहीही कापू नकोस. शेवीचं स्मॉल ब्लॉक नंतर, त्याला घाई नाही. साध्या लोखंडी स्टँडवर ते बसव. सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडं थोडं तेल सोड, दोन-तीन दिवस मुरू दे, मग क्रँक हाताने फिरतो का बघ, अडकला असेल तर जोर लावू नकोस, अजून तेल, अजून दोन दिवस. फिरला की पॉइंट घासून घे, कार्बोरेटर उघडून धू, पेट्रोलची नळी नवीन टाक, जुनी टाकी वापरायचीच नाही, बाटलीतून दे. बॅटरी सहा व्होल्टची, जीपलाही सहाच होती, चुकून बाराची लावू नकोस.

पण चालू करू नकोस. टायमिंग लावायचं राहू दे, डिस्ट्रिब्युटरच्या वायरी सुट्या ठेव. अप्पा आले, जेट लॅग उतरला, दोन दिवस गेले की सकाळी चहा घेऊन त्यांना गॅरेजमध्ये ने, आणि वायरी त्यांच्या हातात दे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पण तू सांगू नकोस, त्यांना आठवते का बघ.